भुलाबाईचा महिना

पेरणीची गाणी वेगळी, पोळ्याच्या झडत्या वेगळ्या, होळीची गाणी वेगळी. पण अख्खा एक महिना गाण्यांसाठी राखून ठेवलेला, आणि तोही मुलींसाठी, असं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातच नव्हे तर साऱ्या वऱ्हाडात आहे. तो भुलाबाईचा महिना.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला, तिचा सोहळा संपतो. आपल्या पंचांगात महिना अमावास्येला संपतो. हा मात्र पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत मोजायचा. पितृपक्ष, नवरात्र, दसरा, सगळं त्याच्या पोटात येतं. भुलाबाई म्हणजे पार्वती. रुसून गेलेल्या शंकराला परत आणण्यासाठी तिनं भिल्लिणीचं रूप घेतलं, शंकर तिला भुलला आणि भुलोजी झाला, असं सांगतात. ती महिनाभर माहेरी येते. मातीच्या भुलाबाई-भुलोजींपुढे रोज संध्याकाळी मुली टिपऱ्यांच्या ठेक्यावर गातात. खानदेशात हीच गुलाबाई. पश्चिम महाराष्ट्रात तिच्या जवळचा खेळ म्हणजे भोंडला किंवा हादगा. तिथे पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरतात. गाणी मात्र पुष्कळशी सारखीच.

आमचा रमजानही चंद्रावरच चालतो. पण हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यात अधिक मास नाही. म्हणून रमजान सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2006 आणि 2007 साली त्याचे काही दिवस भुलाबाईच्या महिन्यात आले होते. भुलाबाई मात्र अधिक मासामुळे ऋतूला बांधलेली आहे. ती येते तेव्हा पाऊस ओसरत असतो, पऱ्हाटीला बोंडं धरलेली असतात, ज्वारी कणसावर असते. म्हणून तर कोजागरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव तिच्यावर उभारता येतो.

आता या गाण्यांत असतं काय? वरवर पाहिलं तर गंमत. कुणाचा दागिना हरवतो, कुणी रुसतं, कुणी वेल लावतं. पण थोडं कान देऊन ऐका. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू तिला एक काम सांगते, ते झालं की दुसरं, मग तिसरं. सासू सासऱ्याकडे पाठवते, सासरा दिराकडे, दीर नणंदेकडे. कडव्यामागून कडवं वाढत जातं. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण ज्या घरात सुनेला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे, तिथली ती रोजची हकीकत होती.

मी कविता लिहितो, म्हणून मला इथे बारहमासा आठवतो. उत्तरेकडच्या या काव्यप्रकारात बारा महिन्यांचं वर्णन करत स्त्री दूर गेलेल्या पतीसाठी झुरते. सतराव्या शतकातली मुहम्मद अफजल यांची ‘बिकट कहानी’ हा उर्दूतला त्याचा जुना नमुना. आमच्या भुलाबाईत उलटं आहे. इथे नवरा घरातच आहे. झुरणं आहे ते आईच्या घरासाठी. 1929 च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय 14 ठरवलं, यावरून त्याआधी किती लहान मुली सासरी जात असतील याचा अंदाज करा. दहा वर्षांची मुलगी हे गाणं म्हणायची तेव्हा सासर तिच्यापासून फार लांब नसे. जे बाईनं उघड बोललं असतं तर उद्धटपणा ठरला असता, ते पोरींच्या खेळात बिनबोभाट खपून जायचं.

आणि यासाठी महिना लागायचाच. लांबत जाणारं गाणं एका दिवसात पाठ होत नाही. रोज या घरून त्या घरी जायचं, मोठ्या मुलींच्या मागोमाग म्हणायचं, शेवटी डबा हलवून आत काय खिरापत आहे ते ओळखायचं. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीही शेजारच्या ओसरीवर जाऊन बसायच्या. खाऊच्या ओढीनं जायच्या आणि गाणी घेऊन यायच्या. त्यांना कुणी ती शिकवली नव्हती.

आज जिल्ह्यात ज्वारीच्या जागी बरंचसं सोयाबीन आलं आहे, त्यामुळे धांडे शोधावे लागतात. संध्याकाळी मुलींची शिकवणी असते. भुलाबाई अनेक ठिकाणी एका दिवसाच्या स्पर्धेत मावली आहे. स्पर्धा व्हाव्यात; निदान गाणं कानावर तरी पडतं. पण स्पर्धेसाठी चार गाणी बसवली जातात, ती सगळीकडे तीच. गावोगावचे पाठभेद, त्या त्या गावची खोचक कडवी, अस्सल वऱ्हाडी शब्द त्यात गळून पडतात.

डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या वतीनं महाराष्ट्रभरची स्त्रीगीतं गोळा केली, छापली. ते काम संपलेलं नाही. आपल्या घरात आजी, आत्या, मावशी असेल तर यंदाच्या भाद्रपद पौर्णिमेला तिच्यापाशी वही घेऊन बसा, नाहीतर मोबाइलवर तिचा आवाज धरून ठेवा. गाण्याखाली तिच्या माहेरच्या गावाचं नाव लिहा. आणि एवढं कराच, तिची वऱ्हाडी सुधारून पुस्तकी मराठी करू नका. ती जसं म्हणते तसंच लिहा.