सावंतवाडीचे चितारी आणि त्यांच्या गंजिफा

सुटीच्या दिवसांत दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं घरोघर पत्त्यांचे डाव रंगतात. परंतु या गुळगुळीत छापील पानांनीं एक जुना खेळ आणि त्याबरोबर कसबी कारागिरांचा एक वर्गच आपल्या माजघरांतून हद्दपार केला, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. तो खेळ म्हणजे गंजिफा. बाबरानें १५२७ सालीं सिंधेंतील शाह हसन यास गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मवृत्तांत आहे. मोगलाई गंजिफा ९६ पानांचा. आपल्याकडे त्यास दशावतारांचें रूप मिळालें आणि पानें १२० झालीं.

दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंत अशीं १२ वाटोळीं पानें. मत्स्याच्या रंगांत मासे, कूर्माच्या रंगांत कासवें, परशुरामाच्या रंगांत परशु. तिघे खेळावयास बसले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास ४० पानें येतात. दिवसां ज्याच्या हातीं राम असेल त्यानें उतारी करावी. रात्रीं तो मान कृष्णाचा. पांच रंगांत दहा श्रेष्ठ, तर उरलेल्या पांचांत एक्का श्रेष्ठ! हुकुमाचा आधार नाहीं, तेव्हां सारी भिस्त स्मरणशक्तीवर.

हीं पानें रंगविणारे सावंतवाडीचे चितारी. तिसरे खेमसावंत (१७५५–१८०३) यांच्या कारकीर्दींत तेलंगणांतून आलेल्या विद्वानांमुळें ही कला तेथें रुजली, असें सांगतात. कागदावर चिंचोक्याची खळ चढवावयाची, पान घोटून तुळतुळीत करावयाचें, बारीक कुंचल्यानें चित्र काढावयाचें आणि वरून लाखेचा लेप द्यावयाचा. एका जोडासाठीं हें १२० वेळां! छापखान्याच्या यंत्राशीं असला हात कसा टिकावा? गिऱ्हाईक गेलें, आणि हळूहळू कुंचलेहि खालीं ठेवले गेले.

त्या पडत्या काळांत शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनीं पुंडलीक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यांत लाखकामाची कार्यशाळा उघडली. दरबाराच्या दालनांत चित्रकार मांडी घालून बसूं लागले. शिवरामराजे १९९५ सालीं व सत्वशीलादेवी २०१८ सालीं निवर्तल्या, तरी त्यांनीं लावलेलें हें रोप जगलें. २०२४ सालीं सावंतवाडीच्या गंजिफांस भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे त्या नांवानें दुसरीकडचा माल खपविण्यास कायद्यानें आळा बसला.

इतकें झाल्यावर कला वांचली असें म्हणावें काय? आमच्या मतें अर्धीच वांचली. संस्था कारागिरास बसावयास जागा देईल, काम देईल, नांव मिळवून देईल. खेळणारे मात्र ती कोठून आणणार? आज गंजिफा घेणारे बहुतेक लोक ती कांचेच्या कपाटांत ठेवतात. कपाटांत एकदां एक जोड गेला कीं दुसऱ्याची गरजच उरत नाहीं. खेळांतलीं पानें मात्र हाताळलीं जातात, झिजतात, हरवतात, आणि चिताऱ्याकडे पुन्हां मागणी जाते. कलेचा खरा आश्रयदाता राजवाडा नव्हे, खेळणारें घर होय.

हातानें रंगविलेला जोड महाग पडतो, हें खरें. परंतु चार भावांच्या कुटुंबानें मिळून एक जोड घेणें अशक्य खास नाहीं. मुंजीलग्नांत जीं चांदीचीं भांडीं एका घरून दुसऱ्या घरीं नुसतीं फिरत राहतात, त्यांच्याऐवजीं अशी भेट देण्याचा विचार गृहिणींनीं अवश्य करावा. आजीनें नातवंडांस अवतारांच्या गोष्टी सांगाव्या, नातवंडांनीं आजीला डावांत हरवावें, आणि कोणतें पान कोणी टाकलें यावरून घटकाभर वाद व्हावा. असे वाद जितक्या घरांत होतील, तितके चिताऱ्यांचे कुंचले ओले राहतील.