मोठी ट्रॉली आणि ट्रॅक्टरचा हूक



उसाचा हंगाम जवळ आला की गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत एक मागणी हटकून ऐकू येते. "ट्रॉली मोठी घेतलीय, तेवढा हूक जरा दणकट करून द्या." मग दुकानदार जाडशी पट्टी घेतो, जुन्या हुकावर चढवतो, चहूबाजूंनी वेल्डिंग मारतो, आणि मालक निर्धास्त मनाने घरी जातो. हूक तुटणार नाही, म्हणजे ओझे ओढले जाईल, असा त्याचा हिशेब. हा हिशेब अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यापायी घाटात ट्रॅक्टर उलटतात आणि माणसे दगावतात, म्हणून आज त्याचाच विचार करू.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गाडीत पोती मागच्या बाजूला जास्त लागली की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. सगळे ओझे पुढे घेतले तर बैलांची मान दबते. जाणता गाडीवान आखाच्या थोडे पुढे ओझे ठेवतो आणि जुवाला हात लावून अंदाज घेतो. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. त्याचा आख म्हणजे मागची मोठी चाके. त्यांच्या मागे आपण जे काही ओढतो किंवा टेकवतो, ते पुढची चाके उचलू पाहते.

आता थोडे आकडे घेऊ. समजा ट्रॅक्टर २,००० किलोचा आहे आणि त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या व मागच्या चाकांत अंतर २ मीटर. मागे ट्रॉली, मालासकट ८ टन. सपाट डांबरी रस्त्यावर ती चालती ठेवायला वजनाच्या शेकडा दोन इतकीच ओढ, म्हणजे १६० किलोच्या आसपास, पुरते. म्हणूनच सपाटीवर सगळे झकास चालते आणि माणूस फसतो. मऊ रानात हीच ओढ शेकडा दहाच्या वर जाते. आणि दहात एक असा चढ लागला, म्हणजे दहा मीटर जाताना एक मीटर वर चढायचे असले, तर ८ टनांचा दहावा भाग, ८०० किलो, त्या १६० मध्ये मिळवायचा. झाली जवळजवळ हजार किलोंची ओढ.

ही ओढ हुकाच्या ज्या उंचीवर लागते, त्या उंचीवर पुढचा सारा खेळ आहे. हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच असेल तर हजाराला अर्ध्याने गुणायचे आणि चाकांमधल्या २ मीटरने भागायचे. पुढच्या चाकांवरचे २५० किलो कमी झाले. तोच हूक कुणी हौसेने वर घेऊन एक मीटरवर लावला, तर ५०० किलो गेले! शिवाय दोन चाकी ट्रॉलीची दांडी हुकावर टेकलेली असते. ती ४०० किलो दाबत असेल आणि हूक आखाच्या मागे ८० सेंटिमीटर असेल, तर आणखी १६० किलो पुढून उचलले जातात. म्हणजे खालच्या हुकाला पुढे ३९० किलो उरले. वरच्या हुकाला अवघे १४०. इतक्या हलक्या चाकांना स्टिअरिंग फिरवून काय वळवणार? चाके फिरतील, ट्रॅक्टर सरळच जाईल. आणि चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही मागेच झुकत असते, ते निराळेच. क्लच झटक्याने सोडला की नाक वर उठते, आणि एकदा उठू लागले की सावरायला क्षणाचाही अवधी मिळत नाही.

जुन्या काळी, १९१७ पासून निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरची याच कारणाने दुष्कीर्ती झाली होती. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर मागे कोलमडून चालकाच्या अंगावर येई. हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने तीन दांड्यांची जोडणी काढली, ती या खोडीवर उपाय म्हणूनही. आज आपल्या ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन आणि वर एक अशा दांड्या दिसतात, त्या त्याच्याच विचाराच्या. पण लक्षात घ्या, ही जोडणी नांगरासाठी, औतांसाठी आहे. वरच्या दांडीच्या जागी साखळी किंवा ट्रॉली अडकवून ओढणे म्हणजे फर्ग्युसनने काढलेला धोका आपण होऊन परत बोलावणे होय. ट्रॉली ओढायची ती कंपनीने त्यासाठी दिलेल्या खालच्या हुकानेच.

अमेरिकेत चाकांवर घर बांधलेल्या मोटारी असतात आणि त्यांच्या मागे लोक आपली लहान मोटार जोडून नेतात. मोटार जड घेतली की त्यांनाही हूक बदलावासा वाटतो. तिथले नियम असे की मोटारीचा सांगाडा, हूक, दांडी, गोळा यांच्यावर आपापली मर्यादा लिहिलेली असते, आणि त्यांतली सर्वांत लहान जी, तीच सगळ्यांची मर्यादा. पाच टनांचा हूक तीन टनांच्या सांगाड्यावर बसवला तर तो तीन टनांचाच. आपल्याकडेही न्याय हाच.

चढाचे झाले. उताराचे त्याहून वाईट. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या दोनच चाकांवर असतात, आणि ते मुख्यतः ट्रॅक्टरच्या वजनाच्या मानाने केलेले असतात. मागे ब्रेक नसलेली ८ टनांची ट्रॉली असली की २ टन थांबवणाऱ्या बळाने १० टन थांबवायचे. म्हणजे थांबायला पाचपट अंतर लागणार. दहात एक उतारावर हे १० टन एक टनाच्या जोराने खाली ओढत असतात. मागच्या दोन टायरांची पकड त्याहून फारशी जास्त नसते, म्हणजे सारी पकड नुसते धरून ठेवण्यातच संपते. मग ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते, आणि चाकूचे पाते मिटावे तशी दोन्ही वाहने कोनात मिटतात. कितीही जाड हूक यातून वाचवीत नाही. जड ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक पाहिजेत. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घातला पाहिजे. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला चालकाच्या जागी बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो. रस्त्यावर येताना दोन्ही पट्ट्या खिटीने जोडायच्या, नाहीतर एकच चाक धरले जाऊन ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

शिक्षक मित्रांना वर्गात हे सहज दाखवता येईल. खेळण्यातल्या गाडीत दगड भरा, तिला स्प्रिंगचा काटा लावून आधी गुळगुळीत फळीवर ओढा, मग वाळू पसरून ओढा, मग फळीचे एक टोक वर करून ओढा. काटा काय दाखवतो ते मुलांना वहीत लिहू द्या.

आता प्रत्यक्ष हुकाकडे येऊ. पिन झिजते, आणि तिची ताकद जाडीच्या वर्गाने घटते. २५ मिलिमीटरची पिन २० वर आली की तिची ताकद शंभरात चौसष्टच उरली. दोन कानांच्या मधून जाणारी पिन एकाच कानात लोंबणाऱ्या पिनेच्या दुप्पट ओझे सोसते. पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा हाताशी आलेला बोल्ट घालू नये. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा ४.६ असे कोरलेले असते. पहिल्याचे पोलाद दुसऱ्याच्या दुप्पट ताणाला तुटते, आणि दिसायला दोन्ही सारखेच. कठीण केलेल्या पोलादावर वेल्डिंग केले की उष्णतेने त्याचे पाणी उतरते, हे आपले लोहार पूर्वीपासून जाणतात. म्हणून मूळ हुकावर पट्ट्या चढवण्यापेक्षा कंपनीचा, त्या ट्रॅक्टरसाठी केलेला भाग आणावा. पिनेला क्लिप आणि जोडीला सुरक्षा साखळी हवीच.

ट्रॉली जड झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. कारखान्याच्या किंवा बाजारातल्या वजनकाट्यावर भरलेली ट्रॉली जोडलेलीच ठेवून ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर घ्या. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाहून आकडा कमी आला, तर दांडीवरचा भार जास्त आहे. माल थोडा मागे सरकवा, पण ट्रॉली उलाळ होईल इतका नव्हे; पुढे वजने लावता येत असतील तर लावा. आणि हे सपाटीवरचे वजन आहे, चढाची ओढ त्यात आलेली नाही. तेव्हा वाटेत घाट असेल, तर चार मोळ्या काट्यापाशीच उतरवलेल्या बऱ्या.