नागापूरहून सायकल काढायची तर डोंगरगणकडे

परवा एमआयडीसीतल्या एका तरुणानं विचारलं, "नवी सायकल घेतलीय. मनमाड रोडच्या ट्रकांत मरायचं का?"

नाही बाबा! शेंडीवरून पिंपळगाव माळवीचा रस्ता धर.

शेंडी ओलांडली की शेतं सुरू होतात. ती बघताना आठवा, निजामशाहीत नगर शहराला पाणी यायचं ते आसपासच्या गावांतून जमिनीखालून आणलेल्या नहरांनी. कापूरवाडी आणि वडगावच्या नहरी त्यातल्याच.

पुढे पिंपळगाव माळवीचा तलाव. अवतार मेहेरबाबांचं निवासस्थान मेहेराझाद याच भागात.

मग डोंगरगण. रामेश्वराचं मंदिर, झाडी, पावसाळ्यात वाहतं पाणी. गर्दी नको असेल तर रविवार टाळा.

खरी मेजवानी मात्र शेजारचा मांजरसुंभा गड. दरवाजा, महालाचे अवशेष, हौद अजून पाहायला मिळतात. डोंगरमाथ्यावर पाणी खेळवणाऱ्यांचं डोकं काय असेल! सायकल खाली कुलूप लावून ठेवा आणि पायी चढा.

पाथर्डी रोडचा 'चांदबीबी महाल' हा वेगळा बेत, शहरापासून साधारण 13 किलोमीटर. नावावर जाऊ नका, ती निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. शेवटचा चढ मांड्या भरून आणतो.

पहाटेच निघा, शिफ्ट सुटायच्या वेळी एमआयडीसीत शिरू नका. पंक्चर किट आणि मागचा लाल दिवा हवाच.

गिअर, टायर, चढ, काहीही विचारा. माहीत असेल ते सांगतो.