चाकणच्या जीटीचं उतारवय

चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांमधून इंचाइंचाने सरकणं पोलो जीटी टीएसआयला मानवत नाही. गाडी मात्र इथलीच. फोक्सवॅगनचा चाकण कारखाना २००९ साली सुरू झाला आणि २०१३ मध्ये तिथून ही चपळ पोलो बाहेर पडली: १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरांचा डीएसजी. शास्त्रापुरतं बोलायचं तर ही स्पोर्ट्स कार नव्हे, हॅचबॅकच. पण पोर्शे ज्यांच्या पगारात बसत नव्हती, त्यांची हौस हिनेच भागवली.

त्या हौसेचं मूळ डीएसजीत, आणि आजच्या दुखण्याचंही. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी, दुसरा सम गिअर आणि रिव्हर्ससाठी. एक गिअर चालू असताना पुढचा तयारच असतो, म्हणून बदल झटक्यात होतो. पण हे क्लच कोरडे. त्यांना थंड ठेवायला तेल नाही. रांगत्या रहदारीत क्लच अर्धवट धरलेला राहतो, घासतो, तापतो. मग पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी हिसके देऊ लागते.

त्याहून महागडं दुखणं मेकाट्रॉनिकचं. गिअर बदलण्याचा हुकूम देणारा संगणक आणि तेलाच्या दाबावर तो अमलात आणणारी यंत्रणा, दोन्ही एकाच डब्यात. सततच्या दाबाने त्याच्या ॲल्युमिनियमच्या भागाला तडा जातो, दाब उतरतो, डॅशबोर्डवर गिअरची खूण लुकलुकते आणि गाडी भर रस्त्यात हटून बसते. या गिअरबॉक्सची कुरकुर चाकणपुरती नव्हती. उष्ण, दमट हवेत विद्युत बिघाड होऊ नये म्हणून नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरायला घेतलं होतं.

भोसरी एमआयडीसीत नमुना दाखवला की लेथवर बुश उतरवून मिळतो. मेकाट्रॉनिकपाशी लेथचं काही चालत नाही. नवा डबा सॉफ्टवेअरने गाडीशी जुळवावा लागतो. नुसता क्लच बदलला तरी स्कॅनर लावून ‘बेसिक सेटिंग’ करावं लागतं. म्हणून काही गॅरेजवाले अख्खा डबा न बदलता तडकलेला भागच दुरुस्त करतात. हात जाणकार असेल तर हाच मार्ग परवडणारा.

सुट्या भागांचीही चिंता आहेच. बीएस-६ आल्यावर २०२० मध्ये पोलोतून हे इंजिन आणि डीएसजी दोन्ही गेले. २०२२ मध्ये भारतातली पोलोच थांबली. हीच जोडी व्हेंटोतही होती, त्यामुळे मोडीत निघालेल्या व्हेंटोवर जीटीवाल्यांचा डोळा असतो.

पुढचं स्टेशन आरटीओ. २०१३ ची एमएच-१४ गाडी २०२८ मध्ये १५ वर्षांची होईल. नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्येच ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं. शिवाय पर्यावरण कर आणि गाडीची तपासणी. मेकाट्रॉनिकच्या बिलापुढे हे किरकोळच, फक्त तपासणीला गाडी स्वतःच्या चाकांवर पोहोचायला हवी.