वादळ ओसरल्यावर : फांद्यांचे ढीग आणि चिपर यंत्र

२० मे २०२० च्या संध्याकाळी अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावरून गेले. दमदमला वाऱ्याचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी उजाडले ते हजारो आडव्या झाडांवर. गुलमोहर, पीतमोहर, वर्षावृक्ष, कदंब, अगदी मजबूत म्हणून नावाजलेले वड-पिंपळही उन्मळले होते. लॉकडाऊनमुळे माणूसबळ अपुरे, विजेच्या तारा झाडांखाली गुंतलेल्या. अनेक वस्त्यांत चार-चार, पाच-पाच दिवस वीज नाही आणि वीज नाही म्हणून पंप नाही, पाणी नाही. अखेर लष्कराच्या तुकड्या आल्या, शेजारच्या ओडिशातून पथके आली, तेव्हा रस्ते मोकळे झाले.

रस्ता मोकळा होणे आणि झाड हलणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यांत्रिक करवत खोडाचे तुकडे करते, तुकडे कडेला ढकलले जातात आणि वाहतूक सुरू होते. खोड विकले जाते. उरतो तो फांद्या-पाल्याचा पसारा. ट्रकमध्ये भरला तर निम्म्याहून अधिक जागा हवाच खाते, पडून राहिला तर पावसात कुजतो, गटारे तुंबवतो आणि सुकला की कोणीतरी काडी लावतो. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, तरी थंडीत कुठल्याही शहराच्या कोपऱ्यावर पाला जळताना दिसतोच. हा पसारा तिथल्या तिथे बारीक करणारे यंत्र म्हणजे वुड चिपर. फांदी एका तोंडातून आत आणि दुसऱ्या नळीतून ढलप्या बाहेर! चार-पाच ट्रॉल्यांचा ढीग एका ट्रॉलीत मावू लागतो.

कोलकात्याला वादळ नवे नाही. चैत्र-वैशाखात काळबैसाखीची वावटळ दरवर्षी येते. त्याशिवाय २००९ मध्ये आयला, २०१९ मध्ये बुलबुल, २०२१ मध्ये यास, २०२४ मध्ये रेमाल अशी बंगालच्या उपसागरातली वादळे येतच राहिली. गाळाची मऊ जमीन आणि पदपथाच्या काँक्रीटमध्ये आवळलेली मुळे, मग झाड उभे राहणार तरी कशाच्या आधारावर? म्हणूनच मोठ्या आवाराच्या सोसायट्या, शाळा, बागकाम करणारे ठेकेदार यांना हे यंत्र घ्यावे का, हा प्रश्न पडतो. मुंबई-पुण्याच्या वाचकांनाही तो परका नाही.

घ्यावे की भाड्याने आणावे?

आवारात दहा-वीस झाडे असतील आणि वर्षातून एक-दोनदाच छाटणी होत असेल, तर यंत्र घेऊ नये. उरलेले दहा महिने ते गंजत पडेल. अशा तीन-चार सोसायट्यांनी मिळून ते घ्यावे किंवा छाटणीच्या ठेकेदारालाच चिपर आणण्याची अट घालावी. ज्याच्याकडे महिन्याकाठी आठ-दहा दिवसांचे काम आहे, त्याला मात्र हे यंत्र वाहतुकीचा खर्च वाचवून देते. घरगुती बागेचे छोटे विजेचे यंत्र काही हजारांत मिळते. हाताच्या मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड फांद्या खाणारे डिझेलचे वा ट्रॅक्टरला जोडायचे यंत्र लाखांत जाते.

विजेचे यंत्र स्वस्त, कमी आवाजाचे आणि सांभाळायला सोपे. पण वादळानंतर सर्वांत आधी जाते ती वीजच! ज्या दिवशी यंत्र हवे, त्याच दिवशी ते मुके बसणार. शिवाय २-३ अश्वशक्तीच्या पुढे थ्री फेज जोडणी लागते आणि लांब, पातळ वायरवर मोटार चालवली तर ती जळायला वेळ लागत नाही. रोजच्या पाल्यासाठी वीज ठीक, आपत्तीसाठी डिझेल.

रचनेत दोन मुख्य प्रकार. एकात जड चकती फिरते आणि तिच्यावर पाती बसवलेली असतात. दुसऱ्यात ढोल फिरतो. चकतीचे यंत्र एकसारख्या ढलप्या देते. ढोलाचे वेड्यावाकड्या फांद्या लवकर गिळते, पण ताकदही जास्त मागते. तोंडाच्या आकाराबाबत विक्रेता म्हणेल, 'सहा इंच.' ते सहा इंच सरळ, मऊ लाकडाचे. आपल्याकडचा बाभूळ, चिंच किंवा वर्षावृक्षाची दुबेळकी फांदी तशी नसते. म्हणून गरजेपेक्षा एक माप मोठे घ्यावे आणि फांदी आत ओढणारे रोलर आहेत का ते पाहावे. इंजिनाचे फेरे उतरले की रोलर आपोआप थांबवणारी सोय असेल तर उत्तमच.

आणखी एक साधी गोष्ट सहसा कोणी मोजत नाही : यंत्राची रुंदी. उत्तर कोलकात्याच्या गल्लीत रिक्षाच कशीबशी वळते. दोन चाकांवरचा मोठा चिपर तिथे तोंडाशीच अडकेल आणि फांद्या माणसांना ओढत आणाव्या लागतील.

पैसे देण्यापूर्वी आपल्याच आवारातली फांदी घेऊन जावे आणि ती यंत्रात घालून दाखवायला सांगावी. पात्यांचे झाकण उघडायला लावावे. सुट्या पात्यांची किंमत, ती किती दिवसांत मिळतील आणि दुरुस्तीला शहरात कोण येईल, हे लेखी घ्यावे. जुने यंत्र घेत असाल तर चकतीवर वेल्डिंगची खूण दिसली की मागे फिरावे. फिरणारा जड भाग जोडलेला असणे म्हणजे धोका विकत घेणे.

सगळा जीव पात्यात

चिपरच्या दहातल्या सात तक्रारी बोथट पात्यांपाशी येऊन थांबतात. ढलप्या स्वच्छ कापलेल्या न पडता तंतू निघू लागले, भुसा वाढला, फांदी ढकलावी लागू लागली, डिझेल जास्त लागू लागले की धार गेली समजावे. लोक अशा वेळी इंजिनाला दोष देतात आणि मेकॅनिकला बोलावतात.

धार लावताना सगळी पाती एकत्र काढावीत आणि सारखीच घासावीत. एक पाते हलके झाले तरी तोल जातो, यंत्र थरथरते आणि मग बेअरिंगचा बळी जातो. घासताना पाणी सोडत राहावे. पाते निळे पडले तर त्याचा कडकपणा गेला आणि ती धार दोन दिवसही टिकणार नाही. पाती परत बसवल्यावर खालच्या स्थिर पात्याशी असलेली फट मोजावी. ती यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि बहुधा एक-दोन मिलिमीटरच्या आसपास असते. फट वाढली की धार चांगली असूनही साल नुसती चिरडली जाते. पात्यांचे बोल्ट जुनेच वापरण्याचा मोह टाळावा.

हावड्यातला बेलिलिअस रोड लहान-मोठ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथला कुशल कारागीर ट्रकच्या कमानपट्ट्यातून पातेही कापून देईल. ते दिसायला हुबेहूब असेल, पण नीट पाणी न दिलेले पाते फिरता फिरता तुटले तर त्याचा तुकडा गोळीसारखा सुटतो. पुली, बुश, झाकण तिथून जरूर करून घ्या. पाते मात्र मूळ कंपनीचेच हवे.

धार मोडणारा सर्वांत मोठा शत्रू झाडात नसतो, झाडावर असतो. जाहिरातींच्या पाट्या ठोकलेले खिळे, केबलच्या तारा, रोषणाईची बांधणी! शहरातली फांदी यंत्रात घालण्यापूर्वी डोळ्यांनी तपासलीच पाहिजे. मुळांना चिकटलेली मातीही तितकीच वाईट. वड-पिंपळाचा चीक पात्यावर थापून बसतो, तो संध्याकाळीच रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसावा. नारळाच्या झावळ्यांचे तंतू दांड्याभोवती गुंडाळतात, म्हणून त्या एकट्या न घालता जाड फांदीबरोबर घालाव्यात.

बाकी निगा साधी आहे. रोज हवेचा फिल्टर झटकणे, बेल्टचा ताण पाहणे, पुस्तिकेप्रमाणे ग्रीस आणि तेल देणे. कोलकात्याच्या दमट हवेत पात्यांवर तेलाचा हात फिरवून ठेवावा आणि पावसाळ्यात गल्लीत पाणी साचते हे लक्षात घेऊन यंत्र ओट्यावर ठेवावे. बंगालमध्ये सप्टेंबरच्या मध्यावर विश्वकर्मा पूजेला प्रत्येक कारखान्यात यंत्रे पुसून पूजली जातात, आपल्या खंडेनवमीसारखीच. वर्षातली मोठी दुरुस्ती त्याच सुमारास उरकावी आणि दुसरी तपासणी काळबैसाखीपूर्वी, मार्चमध्ये.

गमछा काढून ठेवा

उकाड्यात काम करणाऱ्या बंगाली मजुराच्या गळ्यात गमछा असतोच. चिपरजवळ तोच जीव घेऊ शकतो. गमछा, लुंगीचा सोगा, साडीचा पदर, सैल हातमोजा, दोरीचे टोक यांपैकी काहीही फांदीत अडकले की माणूस सावध होण्याआधी आत ओढला जातो. फांदी बुडख्याकडून घालावी, बाजूला उभे राहावे आणि ती पकडली जाताच सोडून द्यावी. अडकलेले लाकूड हाताने वा पायाने कधीही ढकलू नये. इंजिन बंद केल्यावरही चकती बराच वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबेपर्यंत आणि किल्ली खिशात येईपर्यंत झाकणाला हात लावू नये. चष्मा आणि कानांना आवरण हवेच. एकट्याने तर हे यंत्र चालवूच नये.

ढलप्यांचे काय?

झाडाच्या आळ्यात दोन ते चार इंचांचा थर दिला तर माती थंड राहते आणि तण दबते. खोडाला मात्र वीतभर अंतर सोडावे, नाहीतर साल कुजते. घराच्या भिंतीलगतही नको, वाळवी येते. ताज्या ढलप्या मातीत मिसळू नयेत, कुजताना त्या नत्र खेचून घेतात. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात त्या थोड्या थोड्या घातल्या तर खताला वास येत नाही. बुरशी लागलेल्या झाडाच्या ढलप्या इतर झाडांच्या बुंध्यात टाकू नयेत.

आणि प्रत्येक पडलेले झाड यंत्राच्या तोंडी द्यायचे नसते. जाड खोड आरा गिरणीत जावे. कोलकात्यात निमतल्याच्या लाकूडबाजारात त्याला गिऱ्हाईक मिळते. मुळांचा गड्डा शाबूत असेल तर फांद्या छाटून झाड पुन्हा उभे करता येते. अम्फाननंतर रवींद्र सरोवराच्या परिसरात अशी काही झाडे उभी केली गेली. उभे झाड तोडायचे असेल तर परवानगी लागते. पश्चिम बंगालमध्ये त्यासाठी २००६ चा कायदा आहे, महाराष्ट्रातील शहरांसाठी १९७५ चा. चिपर भाड्याने आणण्याआधी तो कागद हातात असू द्या.