ऐंशीचा फ्यूज की शंभरचा?

बेंगळुरूची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था १९६० सालची, १९७८पासून स्वायत्त. तिथल्या प्रयोगशाळेत ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर मुद्दाम शॉर्ट सर्किटच्या तोंडी दिले जातात. पण तिथे पास झालेला उत्तम फ्यूजही चुकीच्या ट्रान्सफॉर्मरपुढे कुचकामी ठरतो. शहरातल्या तळघरांत बसणारा ११ केव्हीचा, १००० केव्हीएचा ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर घ्या. पूर्ण भाराला तो साडेबावन्न अँपिअर घेतो. चालू करताक्षणी मात्र गाभ्याच्या चुंबकनामुळे बारा पट, म्हणजे ६३० अँपिअरची उसळी येऊ शकते, ती ०.१ सेकंद धरतात आणि तेवढ्यात फ्यूज वितळता कामा नये. आता दुय्यम बाजूला एक फेज अर्थ झाला असे समजा. इंपीडन्स ५ टक्के असेल, तर डेल्टा-स्टार जोडणीमुळे प्राथमिक बाजूला दिसतात जेमतेम ६०६ अँपिअर. घातक प्रवाह निरुपद्रवी प्रवाहापेक्षा कमी! फरक उरतो तो फक्त किती वेळ टिकतो याचा. म्हणून माझ्या मते फ्यूज निवडणे म्हणजे अँपिअर नव्हे, वेळेचा वक्र निवडणे.

मग सर्किट ब्रेकरच का नको? ब्रेकर आणि रिले मिळून काही आवर्तने घेतात. फ्यूजमधल्या क्वार्ट्झच्या वाळूत पुरलेल्या चांदीच्या पट्ट्या मोठ्या बिघाडात प्रवाहाला पहिल्या शिखरापर्यंतही पोहोचू देत नाहीत. पण छोट्या बिघाडात हाच बहाद्दर लंगडा पडतो. बॅकअप प्रकारच्या फ्यूजला किमान भेदनप्रवाह असतो. त्याखाली चांदी वितळते, ठिणगी विझत नाही. तिथे कामाला येते स्ट्रायकर पिन. ती फ्यूजच्या टोपणातून उसळते, फ्यूजसोबत जोडलेल्या स्विचच्या खटक्यावर आदळते आणि तिन्ही फेज एकदम उघडतात. इतका साधा, इतका अडेल पुर्जा क्वचितच पाहायला मिळतो.

‘उगाच उडायला नको, एक माप मोठा घ्या’ हा सल्ला इथेच फसतो. ऐंशी अँपिअरऐवजी शंभरचा घेतला की वक्र उजवीकडे सरकतो, आणि फ्यूजकडून स्विचवर ढकलला जाणारा प्रवाहही वाढतो. दुय्यम टर्मिनलवरचा तिन्ही फेजचा बिघाड, प्राथमिक बाजूला सुमारे १०५० अँपिअर, फ्यूजनेच तोडायचा असतो. ते ओझे स्विचवर गेले तर त्याचा टिकाव लागेलच असे नाही. शिवाय वेटोळ्यांतला आतला बिघाड कोणत्याच मापाच्या फ्यूजला सुरुवातीला जाणवत नाही. तेल नाही, त्यामुळे बुखोल्झ रिलेही नाही. भिस्त वाइंडिंगमधल्या तापमान-संवेदकांवर, आणि त्यांची तार स्विचच्या ट्रिप कॉइलपर्यंत जोडलेली असेल तरच. एक फ्यूज उडाला की उरलेल्या दोघांची चांदीही अर्धवट वितळलेली असू शकते, बाहेरून ते कळत नाही. म्हणून बदलायचे ते तिन्ही. स्टोअरमध्ये सुटा एकच निघतो, ही वेगळी तक्रार.