बेटावरची मधमाशी आणि आपल्या औषधातील मध

अनुपान म्हणून, प्रक्षेपद्रव्य म्हणून आणि स्वतंत्र औषध म्हणूनही आपण मधाचा नित्य उपयोग करतो. मात्र मध विकत घेताना ‘शुद्ध’ या शब्दापलीकडे आपली चौकशी सहसा जात नाही. हे शुद्धत्व नेमके कशाचे? माशीच्या वंशाचे, तिच्या वसाहतीच्या आरोग्याचे, की बरणीतील द्रव्याचे? या तीन गोष्टी परस्परांहून भिन्न आहेत. हा भेद लक्षात येण्यासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटाचे उदाहरण उद्बोधक ठरेल.

कायद्याने राखलेली माशी

सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या बेटावर जेमतेम पाच हजार लोक राहतात. १८८४ मध्ये येथे इटलीतील लिग्युरियन वंशाच्या मधमाश्या आणण्यात आल्या. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, लिग्युरियन मधमाशीचा कायदा करून हे बेट तिच्यासाठी राखून ठेवले गेले. आजही बाहेरच्या मधमाश्या, वापरलेल्या मधपेट्या व अवजारे बेटावर नेता येत नाहीत. इतकेच काय, प्रवाशाला आपल्या शिदोरीतला मधही नेण्यास मनाई आहे.

मधावरच्या या बंदीला सबळ कारण आहे. मधमाश्यांच्या अळ्या कुजवणाऱ्या ‘अमेरिकन फाउलब्रूड’ या रोगाचे बीजाणू मधात आणि जुन्या पेट्यांत अनेक दशके जिवंत राहतात. माणसाला ते अपायकारक नसतात. पण असा मध माशीने चाखला तर संपूर्ण वसाहत संकटात येते. ‘व्हरोआ’ या परजीवी कोळीकिडीचे भयही असेच आहे. ही कीड मूळची आशियातील असून आपल्याकडील सातेरी माशीच्या वर्गाची ती जुनी सोबतीण होय. सातेरीने तिच्याशी जुळवून घेतले आहे. युरोपीय माशीला मात्र ती घातक ठरते. २०२२ मध्ये ही कीड ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये आढळली आणि २०२३ मध्ये तिच्या समूळ उच्चाटनाचा प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्यामुळे बेटाच्या निर्बंधांचे मोल अधिकच वाढले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केवळ समुद्राने वेढलेले असणे म्हणजे संरक्षण नव्हे. इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी मधमाश्यांची मोठी मरतूक झाली आणि पुढे ‘वाइट बेटाचा रोग’ याच नावाने ती आपत्ती ब्रिटनभर ओळखली गेली. बेट राखले जाते ते तेथील माणसांनी पाळलेल्या नियमांमुळे.

दाव्याची दुसरी बाजू

कांगारू बेटावरील माशी ही जगातील शुद्धतम लिग्युरियन माशी, असा प्रचार दीर्घकाळ होत आला आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या अभ्यासाने मात्र या माश्यांचे मूळ संकरित असल्याचे दाखवले. म्हणजे वंशशुद्धीचा दावा तपासणीत टिकला नाही. बाह्य रोगांपासून अलिप्तता हा गुण त्यामुळे उणा होत नाही. फक्त दोन्हींची गल्लत करू नये.

अलिप्ततेलाही किंमत मोजावी लागते. बंदिस्त समूहात निकट संबंधातील संयोग वाढतो. राणीचा संयोग समान लिंगनिर्धारक घटक असलेल्या नराशी झाल्यास, त्यापासून फलित होणाऱ्या अंड्यांपैकी निम्म्यांतून निरुपयोगी नर उपजतात; कामकरी माश्या त्या अळ्या नष्ट करतात आणि वसाहत क्षीण होते. शिवाय सारी संपत्ती एकाच ठिकाणी असल्याने एकच आपत्ती पुरेशी ठरते. २०१९-२० च्या वणव्यात बेटाचा जवळजवळ निम्मा भाग जळाला. त्यात मधपेट्या गेल्याच. पण ज्या निलगिरी वर्गाच्या वृक्षांच्या फुलोऱ्यावर माश्या जगतात तेही होरपळले. पेटी नवी करता येते. वृक्ष पुन्हा बहरण्यास वर्षे लागतात.

आपल्यासाठी बोध

चरकाचार्यांनी माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक असे मधाचे चार, तर सुश्रुताचार्यांनी आठ प्रकार सांगितले. या वर्गीकरणाचा मुख्य आधार माशीची जात हा आहे. सातेरी, आग्या, फुलोरी आणि मेलिफेरा यांचा मध एकाच पिंपात ओतणाऱ्या आजच्या व्यापारात हा विवेक उरलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ नाममुद्रांचे मध तपासले, तेव्हा सर्व चाचण्यांत केवळ ३ उत्तीर्ण झाल्याचे तिने जाहीर केले. संबंधित कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. तथापि वैद्याच्या मनातील प्रश्न त्यामुळे मिटत नाही. मध योगवाही आहे. तो स्वतःच साखरेच्या पाकाने भ्रष्ट असेल, तर सितोपलादी चूर्ण कितीही उत्तम असले तरी त्याचे अनुपान उत्तम म्हणता येईल काय?

म्हणून औषधनिर्मात्यांनी प्रत्येक खेपेच्या नोंदीत माशीची जात, प्रदेश, फुलोरा, मध काढल्याची तारीख आणि तो तापवला आहे की नाही, एवढे अवश्य लिहून घ्यावे. यांतील तारखेचे महत्त्व विशेष आहे. नवा मध बृंहण, तर जुना मध लेखन मानला आहे. शिवाय एचएमएफ या घटकाचे प्रमाण तापवल्याने वाढते, तसेच दीर्घ साठवणुकीनेही वाढते. तारीख ठाऊक नसेल, तर तो अंक मधाच्या वयामुळे वाढला की अग्निसंस्कारामुळे, याचा उलगडा होत नाही. च्यवनप्राशात मध घालण्यापूर्वी पाक थंड होऊ देणाऱ्या आपल्या परंपरेला, आधीच तापवलेला मध कसा चालावा?

२०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. अशा गावांतील मधपाळांशी थेट संबंध जोडणे आपल्या हाती आहे. मध कोठून आला, हे विचारणारा ग्राहक असेल तरच ते सांगू शकणारा मधपाळ टिकेल.